पूल, सेतू आणि ब्रिज

नांदेड शहराच्या पलीकडे, गोदावरीच्या दक्षिण तीरावर राहणारा एखादा गृहस्थ सकाळी कामासाठी घरून निघतो. पूल ओलांडून तो शहरात येतो. मुलाच्या शाळेला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, म्हणून तहसील कचेरीत 'सेतू'च्या खिडकीपुढे रांगेत उभा राहतो. दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा डॉक्टर त्याला सांगतात की, पडलेल्या दाताच्या जागी आता 'ब्रिज' बसवावा लागेल. संध्याकाळी तो पुन्हा पुलावरून घरी परततो. दिवसभरात त्याने तीन शब्द वापरले आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी त्याचा घोटाळा झाला नाही. सेतूच्या खिडकीवर त्याने नदी शोधली नाही, की दाताच्या डॉक्टरांना पूल बांधता का, असे विचारले नाही.

इंग्रजी बोलणाऱ्याला या तिन्ही ठिकाणी 'ब्रिज' हा एकच शब्द पुरला असता. आम्हांला तीन लागतात. हे तिन्ही शब्द आमच्या मराठवाड्यात तीन निरनिराळ्या वाटांनी आले आणि येताना आपापला इतिहास सोबत घेऊन आले. त्या वाटांचा मागोवा घेतला तर नांदेड आणि लातूर या आमच्या दोन जिल्ह्यांचा बराचसा भूतकाळ हाती लागतो. त्यातून आजच्या आमच्या घरांविषयीचा एक प्रश्नही समोर उभा राहतो.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. 'ब्रिज' हा अस्सल जर्मानिक कुळातला शब्द आहे. त्याचा अगदी मूळ अर्थ लाकडाचा ओंडका किंवा फळी असा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याचा जुन्या नॉर्स भाषेतला भाऊबंद 'ब्रिग्या' याचा अर्थ बोटीतून उतरण्याचा धक्का किंवा फळी असा होता. ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका हा या शब्दाचा जन्म म्हटला, तर पुढचे अर्थ सहज उलगडतात. दोन टोके आणि मध्ये आडवी वस्तू, असे चित्र जेथे दिसले तेथे इंग्रजांनी हा शब्द नेला. दोन डोळ्यांच्या मधला नाकाचा उंचवटा हा ब्रिज. व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तीही ब्रिज. दोन दातांच्या आधारे बसवलेला कृत्रिम दात ब्रिज. एका कर्जाची फेड आणि दुसऱ्याची मंजुरी यांमधल्या काळापुरते घेतलेले कर्जही ब्रिजच. विद्युतरोध मोजणाऱ्या ज्या जुळणीला आमची महाविद्यालयीन मुले 'व्हीटस्टन ब्रिज' म्हणतात, ती वस्तुतः सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ साली मांडली होती. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांसमोर आणली आणि नाव त्यांचे पडले.

जहाजावरच्या ब्रिजची कथा तर मोठी गमतीची आहे. वाफेच्या आरंभीच्या जहाजांना दोन्ही अंगांस मोठमोठी चाके असत. त्या चाकांवरच्या दोन पेट्यांच्या मधोमध एक आडवी वाट बांधलेली असे आणि तेथे उभे राहून कप्तान आज्ञा देई. ती वाट खरोखरीच पुलासारखी होती. पुढे चाके गेली, त्यांच्या जागी पाण्याखालचे पंखे आले, तरी कप्तानाच्या जागेचे नाव मात्र ब्रिजच राहिले. वस्तू जाते आणि शब्द मागे उरतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या गोतावळ्यात एक उपरा मात्र शिरलेला आहे. पत्त्यांच्या ज्या खेळाला आपण ब्रिज म्हणतो त्याचा पुलाशी काडीचाही संबंध नाही. १८८६ साली लंडनमध्ये या खेळाचे नियम सांगणारे एक छोटे पत्रक निघाले. त्यात खेळाचे नाव 'बिरिच' असे दिले होते आणि त्याला 'रशियन व्हिस्ट' असेही म्हटले होते. तो पूर्वेकडून, बहुधा तुर्की-रशियन मुलखातून, युरोपात आला. परक्या नावाचा उच्चार इंग्रजांच्या जिभेवर घोळता घोळता त्यांच्या ओळखीच्या 'ब्रिज'पाशी येऊन थांबला. सारखे दिसणारे शब्द सख्खे असतातच असे नाही, हे या खेळावरून ध्यानी येते.

मराठीने काय केले? मराठीने यातल्या बहुतेक वस्तूंना आपापली वेगळी नावे दिली. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती 'घोडी', नाकाचा तो 'दांडा'. नदी ओलांडण्याच्या सोयींना तर किती नावे! कोकणात ओढ्यावरचा लहान पूल म्हणजे 'साकव'. नाशकात गोदावरीच्या पात्रातला दगडी बांधणीचा ठेंगणा रस्ता म्हणजे 'सांडवा'. रस्त्याखालून पाणी जाऊ देणारी ती 'मोरी'. पात्रालगत, कमी उंचीवर बांधलेला तो 'फरशी पूल'. आणि जेथे काहीच बांधलेले नसते, परंतु पाणी कमी असल्यामुळे माणसे, बैलगाड्या व गुरे पार जाऊ शकतात, ती जागा म्हणजे 'उतार'. नांदेड-लातूरकडील जुन्या माणसांना आपल्या गावाचा उतार ठाऊक असे. कोणत्या महिन्यात तो पायी पार होतो आणि कोणत्या नक्षत्रानंतर त्याच्या वाटेला जाऊ नये, हेही ठाऊक असे.

आता आमच्या रोजच्या 'पूल' या शब्दाकडे वळू. तो फारसी आहे. बहामनी आणि पुढे कुतुबशाही, मोगल व निजाम अशा राजवटींखाली सहा शतकांहून अधिक काळ काढलेल्या आमच्या मुलखात फारसी शब्द घरोघर पोचले यात नवल नाही. हैदराबादेत मुसी नदीवर १५७८ साली इब्राहीम कुली कुतुबशहाने बांधलेला पूल आज 'पुराना पूल' म्हणून ओळखला जातो. निजामाच्या कचेऱ्यांत आधी फारसी होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले उच्च शिक्षणही उर्दूतूनच होते. मराठी बोलणाऱ्या घरातला मुलगा शिकायचा म्हणजे आधी उर्दू ओलांडायचा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजवट गेली, कचेरीची भाषा बदलली, परंतु 'पूल' आपल्या जागी राहिला. तो केव्हाच मराठी झालेला होता.

या शब्दाच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेत त्याचे रूप 'पेरेतु' असे होते आणि त्याचा अर्थ पूल असाही होता व उतार असाही होता. त्याच मुळापासून इंग्रजीत उतारासाठी 'फोर्ड' आणि लॅटिनमध्ये बंदरासाठी 'पोर्तुस' हे शब्द निघाले. म्हणजे 'पूल' आणि 'ब्रिज' यांचे गोत्र वेगळे असले तरी 'पूल' आणि 'फोर्ड' हे दूरचे भाऊ ठरतात. आमच्या गोदावरीच्या उतारावर उभ्या राहणाऱ्या पुलाला हे नाव शोभून दिसते.

आजही पावसाळ्यात आमच्या दोन्ही जिल्ह्यांत एक वाक्य नेहमी कानी पडते : पुलावरून पाणी चालले आहे. त्याचा अर्थ एसटी येणार नाही, दूध जाणार नाही, आजारी माणसाने वाट पाहावी. मराठी लेखनात अलीकडे काळ लोटला हे सांगण्यासाठी 'पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले' असे म्हणतात. तो वाक्प्रचार इंग्रजीतून आला आहे. ज्यांच्या नद्यांवर उंच पूल होते त्यांना पाणी खालून वाहताना दिसले. फरशी पुलांच्या आमच्या गावांनी मात्र ते वरून वाहताना अधिक पाहिले आहे.

तिसरा शब्द 'सेतू'. तो संस्कृत, आणि बांधणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. रामकथेमुळे सेतू म्हणजे पूल हा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. परंतु सेतूचा जुना अर्थ बांध, धरण, शेताची सीमा असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाणी अडवून सिंचन करण्याच्या बांधकामांना सेतू म्हटले आहे. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सेतू म्हटले आहे, ते तो लोकांना जोडतो म्हणून नव्हे. हे लोक एकमेकांत मिसळून गोंधळ होऊ नये म्हणून तो त्यांना आपापल्या जागी धरून ठेवतो, असा तेथील आशय आहे. एकाच शब्दात जोडणे आहे आणि वेगळे राखणेही आहे.

या शब्दाचा आमच्या भूमीशी जुना संबंध आहे. पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, 'सेतुबंध' नावाचे महाकाव्य रचले अशी परंपरा आहे. त्याची राजधानी विदर्भात होती. त्याच घराण्याच्या वाशीम शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात 'नंदिकड' या प्रदेशाचा उल्लेख येतो आणि अभ्यासकांनी तो आजच्या नांदेडशी जुळवला आहे. ज्या राजघराण्यात सेतूवर महाकाव्य रचले गेले, त्याच घराण्याच्या दानपत्रात आमच्या नांदेडचे एक प्राचीन नाव सापडते.

सेतूचे दोन्ही अर्थ एका ठिकाणी पाहायचे असतील तर मांजरा नदीवरचा कोल्हापुरी बंधारा पाहावा. पात्रात ओळीने दगडी खांब, त्यांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बसवायची आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढायची दारे. दारे बसली की पाणी अडते, आणि वरून माणसे पलीकडच्या शेतात ये-जा करतात. अडवणे आणि ओलांडणे एकाच बांधकामात होते. कौटिल्याने पाहिला असता तर त्याने त्याला निःशंकपणे सेतू म्हटले असते.

परंतु अडवणे नेहमीच इतके सुखाचे नसते. नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी येथे बंधारा उभा राहिला. त्याची साठवण २.७४ टीएमसी, आणि खालच्या बाजूला तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचे पोचमपाडचे मोठे धरण. वरच्या राज्याला तहान, खालच्या राज्याला भीती. जुलै २०१० मध्ये बाभळीकडे निघालेले चंद्राबाबू नायडू यांना धर्माबादेत अटक झाली. अखेर २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : बंधारा राहील, परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे राहतील आणि दरवर्षी १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. केव्हा अडवायचे आणि केव्हा सोडायचे, हे तारखांनिशी ठरले. दोन्ही तीरांची गरज मान्य केल्याखेरीज सेतू टिकत नाही, हेच त्या निकालातून दिसते.

'ब्रिज' हा शब्द आमच्याकडे मुख्यतः आगगाडीबरोबर आला. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादेकडे जाणारा मीटर गेज मार्ग पुरा झाला आणि बासरजवळ गोदावरीवरून गाडी धावू लागली. लातूरची गोष्ट याहून निराळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची छोटी गाडी. तिचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला आणि १९११ मध्ये ती ब्रिटिश मुलखातून निजामाच्या हद्दीतील लातूरपर्यंत पोचली. परंतु मोठ्या गाडीचे रूळ कुर्डुवाडीत होते. लातूरच्या बाजारपेठेतला माल तेथे छोट्या डब्यांतून काढून मोठ्या डब्यांत भरावा लागे. दोन रुळांमधले ते अंतर हमालांच्या खांद्यांनी भरून काढले. लातूरचा पहिला ब्रिज तोच, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पुढे २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग रुंद झाला. नंतर पंढरपूर-मिरज भागही रुंद झाला. त्याचे मोल २०१६ च्या दुष्काळात कळले. १२ एप्रिल २०१६ रोजी 'जलदूत' ही रेल्वेगाडी मिरजेहून दहा टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी गोदावरीच्या खोऱ्यात रुळांवरून आले. एरवी पूल पाण्यावरून माणसांना नेतो. त्या उन्हाळ्यात पाणीच माणसांपर्यंत आणण्यासाठी रुळांचा पूल झाला.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना या शब्दकुळाशी आणखी एक नाते आहे. पोप महोदयांना 'पोंटिफ' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द 'पोंतिफेक्स', आणि प्राचीन रोममधील विद्वान व्हारो याने त्याची फोड पूल बांधणारा अशी केली होती. रोमच्या जुन्या पुरोहितांची ही पदवी पुढे ख्रिस्तसभेत आली. सिएनाच्या संत कॅथरिन यांनी चौदाव्या शतकात आपल्या 'संवाद' या ग्रंथात ख्रिस्ताला पृथ्वी आणि स्वर्ग यांना जोडणाऱ्या पुलाची उपमा दिली. ८ मे २०२५ रोजी निवड झालेल्या पोप लिओ चौदावे यांनीही आपल्या पहिल्याच भाषणात पूल बांधण्याचे आवाहन केले. पुलासाठी असलेला लॅटिन 'पोन्स' हा शब्द संस्कृत 'पन्था' या शब्दाचा सगोत्र आहे. वारकरी 'पंथ' म्हणतो आणि आपण 'पोंटिफ' म्हणतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकाच प्राचीन शब्दाची लेकरे असतात.

अशा पुलाचे सर्वांत सुंदर उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हैदराबादचा पुराना पूल बांधून झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १५७९ मध्ये, हे इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरले. ज्यांच्या मातृभाषेत 'ब्रिज' होता त्यांनी मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये छापून निघालेले 'ख्रिस्तपुराण' त्यांनी ओवीत रचले. ती ओवी ज्ञानदेव-एकनाथांची, गोदाकाठी घडलेली. त्यांनी मराठी श्रोत्याला आपल्या भाषेकडे बोलावले नाही, ते स्वतः नदी ओलांडून मराठीच्या तीरावर आले. तसाच दुसरा पूल नांदेडच्या हुजूर साहिबात रोज उभा राहतो. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडमध्ये निवर्तले. तेथे ज्या गुरू ग्रंथ साहिबाचे पठण होते त्यात संत नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी येथून फार दूर नाही. मराठवाड्याचा शब्द पंजाबात गेला आणि पंजाबी श्रद्धेबरोबर गोदाकाठी परत आला.

आमची मांजरा नदीही असाच प्रवास करते. बीड जिल्ह्यात उगम पावून ती लातूर जिल्ह्यातून वाहते, कर्नाटकातील बिदरकडे जाते, तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर भरते आणि नांदेडच्या सीमेलगत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लातुरात तिच्यावर 'पूल' असतो, बिदरात 'सेतुवे' आणि तेलंगणात 'वंतेन'. पाणी तेच, शब्द तीन. देगलूर, बिलोली, उदगीर येथील घरांना यात काही विशेष वाटत नाही. तेथील आजीला बाजारात दोन-तीन भाषा बोलता येतात आणि ती स्वतःला विद्वान समजत नाही.

आता आमच्या घरांविषयी. २०२१ च्या जुलैमध्ये, साथीच्या काळात शाळा बंद राहिल्यामुळे मुले मागे पडली होती, म्हणून राज्यात ४५ दिवसांचा 'सेतू अभ्यासक्रम' आखण्यात आला. मागच्या वर्षाचे राहिलेले शिकून पुढच्या वर्षात जावे हा त्याचा हेतू. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले आहे. ते त्यांच्या भल्यासाठीच केले आहे आणि त्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये. निजामी काळातल्या आमच्या पूर्वजांनीही पोटासाठी उर्दू ओलांडलीच होती. परंतु ते संध्याकाळी मराठीच्या तीरावर परत येत. आमची मुले 'ब्रिज'चे दहा अर्थ पाठ सांगतात, आणि त्यांना 'उतार' या शब्दाचा अर्थ विचारला तर ती ज्वराचा उतार किंवा घाटाचा उतार एवढेच सांगतात. आजीची जपमाळ मराठीत आणि नातवाची प्रार्थना इंग्रजीत, अशा घरात दोघेही एकाच देवाला हाक मारतात हे खरे. तरीही संध्याकाळच्या प्रार्थनेत एकाने दुसऱ्याच्या ओठांकडे नुसते पाहत राहावे, हे आम्हांला बरे वाटत नाही. या घरांना परतीचा पूल हवा आहे, आणि तो कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमात मिळणार नाही.

तो कसा बांधावा याची मोठी योजना आमच्यापाशी नाही. एक लहानशी सूचना आहे. ज्या घरात अजून वडीलधारी माणसे आहेत, तेथे मुलांनी त्यांना एक प्रश्न विचारावा : पूल होण्यापूर्वी आपल्या गावची नदी कोठून ओलांडत असत, त्या जागेला काय म्हणत आणि पूर आला की काय करत? आजी-आजोबा जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तेलुगू असो, कानडी असो वा मराठी, मुलांनी देवनागरीत वहीत उतरवून घ्यावे. लिहून झाल्यावर ते आजीला मोठ्याने वाचून दाखवावे. काही चुकले असेल तर ती सांगेलच.